एनपीटीईएलचा ऐच्छिक विषय पदवीत कसा धरला जातो: नाव नोंदवण्यापासून मार्कशीटपर्यंत

एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांच्या मोफत ऑनलाइन कोर्सचं, प्रमाणपत्र हातात आहे, गुणही उत्तम आहेत, पण मार्कशीटवर त्या विषयाचा पत्ता नाही. असे विद्यार्थी दर सत्राला भेटतात. त्यांनी अभ्यासात कसूर केलेली नसते. बारा आठवडे व्हिडिओ पाहिलेले असतात, असाइनमेंट वेळेवर भरलेल्या असतात, परीक्षेला दुसऱ्या गावी जाऊन आलेले असतात. राहून गेलेलं असतं ते कागदाचं काम, आणि तेही सत्र सुरू होण्याआधीचं. म्हणून हा लेख. कॉलेजात एनपीटीईएलचं काम पाहताना जे रोज समजावून सांगावं लागतं, ते सगळं इथे एकत्र मांडतो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. प्रमाणपत्र एनपीटीईएल देतं, पण क्रेडिट (विषयाच्या अभ्यासाचं पदवीतलं मूल्य) तुमच्या पदवीत धरायचं की नाही हे तुम्हाला पदवी देणारं विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज ठरवतं. १२ आठवड्यांच्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर खालच्या बाजूला छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं की शिफारस केलेली क्रेडिट्स ३ किंवा ४. ती शिफारस आहे. ३ धरायची की ४, की धरायचीच नाहीत, हे तुमच्या संस्थेच्या नियमात बघायचं.

नियमांची चौकट

आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल सुरू केलं. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे ऑनलाइन कोर्स २०१४ पासून आले. पुढे केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ सुरू केलं, आणि एनपीटीईएल त्याचा एक राष्ट्रीय समन्वयक, म्हणजे त्यावर आपले कोर्स चालवणारी संस्था झाला. स्वयमवर इतरही समन्वयक आहेत: इग्नू, आयआयएम बंगळूर, सीईसी वगैरे. त्यांच्या कोर्सची परीक्षा आणि गुणांचं सूत्र वेगळं असतं, त्यामुळे कोर्स उघडल्यावर तो कोणाचा आहे हे आधी पाहा. या लेखातले गुणांचे हिशेब फक्त एनपीटीईएलचे आहेत.

यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमात एका सत्रात जेवढे कोर्स असतात, त्यांतले ४० टक्क्यांपर्यंत स्वयममधून घेण्याची मुभा संस्था देऊ शकते. २०१६ च्या जुन्या विनियमांत हीच मर्यादा २० टक्के होती. सत्रात पाच विषय असतील तर दोन, आणि सहा असले तरी दोनच, कारण २.४ चा कोर्स होत नाही. ही वरची मर्यादा आहे. तुमच्या विद्यापीठाने त्याहून कमी ठेवली असेल, तर तीच लागू.

अभियांत्रिकीवाल्यांसाठी आणखी एक दार आहे. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवी १६० क्रेडिट्सची धरली आहे, आणि त्यावर २० जादा क्रेडिट्स मिळवली तर ऑनर्स, म्हणजे विशेष दर्जाची पदवी. ही जादा क्रेडिट्स ऑनलाइन कोर्समधूनही मिळवता येतात. इथे पुष्कळ मुलांचा घोळ होतो. ऑनर्ससाठी केलेला कोर्स नेहमीच्या इलेक्टिव्हच्या (ऐच्छिक विषयाच्या) जागी धरता येत नाही, आणि इलेक्टिव्हच्या जागी धरलेला कोर्स ऑनर्सच्या बेरजेत येत नाही. एक कोर्स एकाच खात्यात जातो.

पहिली पायरी: कोणता खाना रिकामा आहे ते शोधा

विद्यार्थी कोर्सच्या नावापासून सुरुवात करतात. 'मला मशीन लर्निंग करायचंय' म्हणतात आणि नाव नोंदवून मोकळे होतात. सुरुवात आपल्या अभ्यासक्रमाच्या रचनेपासून करायला हवी. विभागाच्या भिंतीवर किंवा संकेतस्थळावर सत्रवार विषयांचा तक्ता असतो. तो समोर घ्या आणि पुढच्या सत्रात कोणत्या ओळीत निवडीला वाव आहे ते पाहा.

अभियांत्रिकीत अशा ओळी साधारणपणे प्रोग्रॅम इलेक्टिव्ह, ओपन इलेक्टिव्ह, मल्टिडिसिप्लिनरी मायनर आणि ऑनर्स अशा नावांनी येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. मध्ये मेजरमधले इलेक्टिव्ह, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह असतात. प्रत्येक ओळीचा नियम निराळा. प्रोग्रॅम इलेक्टिव्हसाठी कोर्स तुमच्याच शाखेचा, बहुधा विभागाने दिलेल्या यादीतला लागतो. ओपन इलेक्टिव्हसाठी उलट, तो तुमच्या शाखेबाहेरचा हवा. कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने ओपन इलेक्टिव्हच्या ओळीत डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स दाखवला तर तो नाकारला जाईल, आणि त्यात विभागाची चूक म्हणता येणार नाही. त्याच ओळीत अर्थशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा कोर्स बसेल.

आणखी एक पाहायचं ते म्हणजे विषयांची पुनरावृत्ती. एनपीटीईएलच्या कोर्सचा मजकूर तुम्ही शिकलेल्या किंवा पुढे सक्तीने शिकायच्या विषयाशी बराच जुळत असेल, तर विभाग तो मान्य करत नाही. यासाठी आठवडेवार आराखडा काढा. कोर्सच्या पानावर तो दिलेला असतो. एकेका आठवड्यापुढे 'आपल्या अभ्यासक्रमात आहे' किंवा 'नाही' अशी खूण करा. अर्धा तास लागतो, पण विभागप्रमुखांसमोर बसल्यावर हाच कागद कामाला येतो.

दुसरी पायरी: आठवडे आणि क्रेडिट जुळतात का

सरळ हिशेब असा: ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिट, ८ आठवड्यांचा २, १२ आठवड्यांचा ३. बहुतेक संस्था हाच धरतात. प्रमाणपत्रावरच्या शिफारशीत मात्र एक पायरी वरचा आकडाही असतो, म्हणजे ८ आठवड्यांना '२ किंवा ३'. घोटाळा होतो तो इथेच.

एक उदाहरण सांगतो. यांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने ८ आठवड्यांचा कोर्स केला आणि ७८ गुण मिळवले. त्याच्या तक्त्यात ओपन इलेक्टिव्ह ३ क्रेडिट्सचं होतं. प्रमाणपत्रावर '२ किंवा ३' वाचून त्याने ३ गृहीत धरली. संस्थेचा नियम ८ आठवड्यांना २ असा होता. खाना ३ चा आणि हातात २. राहिलेलं एक क्रेडिट ४ आठवड्यांच्या दुसऱ्या कोर्सने भरून काढता आलं असतं, कारण काही संस्था दोन छोटे कोर्स जोडू देतात. पण तोवर नाव नोंदवायची मुदत टळून गेली होती, आणि त्या पोराला पुढच्या सत्रात एक विषय जादा घ्यावा लागला. हुशार, मेहनती मुलाचं असं झालं की जीव तुटतो. नियमातली एक ओळ वेळेवर वाचली गेली असती तर हे टळलं असतं.

तेव्हा खाना ३ क्रेडिट्सचा असेल तर १२ आठवड्यांचाच कोर्स घ्या. छोटे कोर्स जोडायचे असतील तर तसा नियम आहे हे आधी लेखी पाहा. खाना ४ चा असेल तर १२ आठवड्यांना तुमच्याकडे ३ धरतात की ४, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: आधी मान्यता, मग एनरोलमेंट

सगळ्या पायऱ्यांमध्ये ही सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच गाळली जाते.

स्वायत्त कॉलेजात असे कोर्स मान्य करण्याचं काम अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद करतात. संलग्न कॉलेजात तो अधिकार विद्यापीठाकडे असतो, आणि प्राचार्यांनी तोंडी 'चालेल' म्हटलं तरी विद्यापीठाच्या परिपत्रकात तशी तरतूद असावी लागते. म्हणून विभागप्रमुखांकडे जाण्याआधी परिपत्रक मिळवा. ते परीक्षा विभागात मिळतं, किंवा कॉलेजच्या एनपीटीईएल स्पॉककडे. स्पॉक म्हणजे कॉलेजच्या लोकल चॅप्टरचं, म्हणजे कॉलेजातल्या एनपीटीईएल केंद्राचं, काम पाहणारे प्राध्यापक. तुमच्या कॉलेजात लोकल चॅप्टर आहे की नाही आणि स्पॉक कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. लोकल चॅप्टर निवडून नोंदणी केली की तुमची प्रगती स्पॉकना दिसते आणि अडचणीच्या वेळी बोलायला माणूस असतो.

मग लेखी अर्ज करा. मी मुलांना साधारण असा मसुदा देतो:

'मी, सत्र पाचमधील विद्यार्थी/विद्यार्थिनी, ओपन इलेक्टिव्ह (३ क्रेडिट्स) या विषयाऐवजी जुलै सत्रातील पुढील १२ आठवड्यांचा एनपीटीईएल कोर्स करू इच्छितो/इच्छिते. कोर्सचं नाव, कोर्स कोड, शिकवणारी संस्था आणि परीक्षेची तारीख खाली दिली आहे. आठवडेवार आराखडा जोडला आहे. या कोर्सची ३ क्रेडिट्स सत्र पाचच्या निकालात धरावीत, तसेच गुणांचं ग्रेडमध्ये रूपांतर कसं होईल ते कळवावं, ही विनंती.'

यात तीन गोष्टी असायलाच हव्यात: कोणत्या विषयाऐवजी, किती क्रेडिट्स, कोणत्या सत्रात. यांतली एक जरी सुटली तरी पुढे परीक्षा विभागात अडतं. अर्जावर सही आणि तारीख घ्या, जावक क्रमांक मिळाला तर उत्तम, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

शेवटचा प्रश्न, रूपांतराचा, मुलं विचारतच नाहीत. काही ठिकाणी एनपीटीईएलचे १०० पैकी गुण तसेच घेऊन ग्रेड देतात आणि तो एसजीपीएमध्ये (सत्राच्या सरासरीत) धरतात. काही ठिकाणी फक्त 'उत्तीर्ण' अशी नोंद होते, क्रेडिट मिळतं, पण सरासरीवर परिणाम होत नाही. एनपीटीईएलमध्ये ५५ गुण पडले आणि बाकी विषयांत तुम्ही ८० च्या पुढे असाल, तर या फरकाने तुमचा सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी) बदलतो. आधी माहीत असलेलं बरं.

चौथी पायरी: दोन नोंदण्या, एक नव्हे

कोर्समध्ये एनरोल होणं फुकट आहे. परीक्षेचा फॉर्म मात्र वेगळा भरावा लागतो, त्याची मुदत वेगळी असते आणि फी वेगळी. ही फी बराच काळ एका कोर्सला १००० रुपये राहिली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना दाखला जोडल्यास सवलत मिळते. सवलतीला पात्र असाल तर दाखला स्कॅन करून हाताशी ठेवा, शेवटच्या रात्री शोधायला लागू नका. नुसतं एनरोल होऊन सगळ्या असाइनमेंट केल्या आणि परीक्षेचा फॉर्म भरला नाही, तर प्रमाणपत्र नाही आणि क्रेडिटही नाही.

परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायची असते. फॉर्ममध्ये शहराचे पर्याय विचारतात. कोल्हापूरच्या मुलीने घाईत तिसरा पर्याय नागपूर टाकला तर तिकडे जायची तयारी ठेवावी लागेल. दोन कोर्स घेत असाल तर दोघांच्या परीक्षेच्या तारखा आणि वेळा कोर्सच्या पानावर आधीच ताडून पाहा. विद्यापीठाच्या परीक्षेच्या तारखांशीही मेळ बसतो का ते बघा, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये.

आता नावाबद्दल, कारण आपल्याकडे हा खास मराठी प्रश्न आहे. विद्यापीठाच्या मार्कशीटवर 'पाटील स्नेहल रमेश' असं आडनाव आधी येतं. आधार कार्डावर 'स्नेहल रमेश पाटील'. दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव वेगळ्या ओळीत. आणि मुलगी फॉर्ममध्ये नुसतं 'स्नेहल पाटील' लिहून मोकळी होते. प्रमाणपत्रावर जे छापून येतं त्याची जुळणी पुढे एबीसी (शैक्षणिक क्रेडिट बँक) खात्याशी होते, आणि ते खातं आधारवरून उघडलेलं असतं. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांत फरक पडला की क्रेडिट खात्यात जमा व्हायला अडथळा येतो. त्यामुळे फॉर्म भरताना आधार कार्ड समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच, तेवढंच लिहा. आधारवरच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या.

पाचवी पायरी: गुणांचं गणित

अंतिम गुण म्हणजे असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. काही प्रोग्रॅमिंग कोर्सचं सूत्र वेगळं असतं, ते त्या त्या पानावर पाहावं. उत्तीर्ण होण्यासाठी दोन अटी स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. बेरीज ४० भरली म्हणून पास, असं नाही.

असाइनमेंटचे गुण सर्वोत्तम काही असाइनमेंटवरून काढतात. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी ८, ८ आठवड्यांना ८ पैकी ६ आणि ४ आठवड्यांना ४ पैकी ३. हे 'सर्वोत्तम ८' ऐकून मुलं निवांत होतात. तीनच असाइनमेंट भरल्या आणि तिन्हींत शंभरपैकी शंभर मिळाले, तरी भागायचं ८ नेच. ३०० भागिले ८ म्हणजे ३७.५, आणि त्याचे २५ पैकी होतात ९.४. दहाच्या आत. मग परीक्षेत ७० मिळाले तरी प्रमाणपत्र नाही. १२ आठवड्यांच्या कोर्सला त्या आठांची बेरीज किमान ३२० व्हावी लागते. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या असाइनमेंट सोप्या असतात, तिथेच ही बेरीज पुरी करून टाका. सबमिशनचा काळ आला की शेवटच्या आठवड्यांत हात लावायला वेळ मिळत नाही.

एकूण ४० ते ५९ ला साधं प्रमाणपत्र, ६० ते ७४ ला एलिट, ७५ ते ८९ ला एलिट आणि रौप्य, ९० आणि त्यापुढे एलिट आणि सुवर्ण. क्रेडिटच्या दृष्टीने यांत फरक नाही, ४१ ला जेवढी क्रेडिट्स तेवढीच ९१ ला. तुमच्या संस्थेने स्वतःची वेगळी किमान गुणांची अट ठेवली असेल तर गोष्ट वेगळी, तीही विचारून घ्या.

सहावी पायरी: निकालानंतर

एनपीटीईएलचा निकाल परीक्षेनंतर काही आठवड्यांनी लागतो. त्या दरम्यान विद्यापीठाचं निकालाचं गॅझेट लागलं आणि तुमच्या विषयापुढे रिकामी जागा किंवा अनुपस्थित असं दिसलं, तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. परीक्षा विभागात लेखी कळवा की या विषयाचा निकाल एनपीटीईएलकडून यायचा आहे, आणि सोबत मान्यतेच्या अर्जाची प्रत व हॉल तिकीट जोडा. शेवटच्या सत्रात असाल तर हा उशीर नोकरीच्या किंवा पुढच्या प्रवेशाच्या आड येऊ शकतो. म्हणूनच आठव्या सत्रासाठी क्रेडिट्स राखून ठेवू नका. सहाव्या-सातव्यातच उरकून घ्या.

प्रमाणपत्र आलं की त्याची छापील प्रत आणि मान्यतेचा कागद एकत्र जोडून विभागात द्या आणि पोच घ्या. प्रमाणपत्रावर पडताळणीसाठी क्यूआर कोड असतो, तो प्रतीत स्पष्ट आला आहे ना ते पाहा.

एबीसीचं काय? शैक्षणिक क्रेडिट बँक २०२१ साली सुरू झाली. विद्यार्थ्याला बारा अंकी क्रमांक मिळतो, डिजिलॉकरमधून काढता येतो. क्रेडिट्स तुम्ही स्वतः जमा करू शकत नाही, ती संस्थेकडूनच येतात. जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात, आणि एकदा पदवीसाठी वापरली की खात्यातून वजा होतात. बहुतांश गैरसमज एकाच बाबतीत असतो: एबीसीमध्ये क्रेडिट दिसलं म्हणजे पदवीत धरलं गेलं. तसं नाही. मार्कशीटवर विषय आणि क्रेडिट छापून आलं की मगच काम झालं समजायचं. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतच निम्मी क्रेडिट्स मिळवणं आवश्यक आहे, त्यामुळे बाहेरून कितीही गोळा करून चालत नाही.

डोमेन प्रमाणपत्र करणाऱ्यांसाठी

एनपीटीईएलचं डोमेन प्रमाणपत्र हा वेगळा मार्ग. एखाद्या क्षेत्रातले ठरावीक कोअर (सक्तीचे) कोर्स आणि त्यांच्या जोडीला इलेक्टिव्ह यादीतले काही कोर्स पूर्ण केले की ते मिळतं. इथे इलेक्टिव्ह त्या डोमेनच्या यादीतलंच लागतं, मिळत्याजुळत्या नावाचं दुसरं चालत नाही. उत्तीर्ण होण्याचे ४० गुण इथे पुरत नाहीत, अट त्याहून वरची आहे. हिशेबाची दिशा पदवीच्या उलट: पदवीत आधी खाना पाहून कोर्स शोधायचा, डोमेनमध्ये आधी कोअर कोर्स पुन्हा कोणत्या सत्रात येणार ते पाहायचं, कारण प्रत्येक कोर्स दर सत्राला येतोच असं नाही. इलेक्टिव्ह मग त्यांच्या मधल्या जागेत बसवता येतात. माझा सल्ला असा की पदवीत धरला जाणारा कोर्स निवडतानाच डोमेनची यादी शेजारी ठेवा. डोमेनचं प्रमाणपत्र पदवीची क्रेडिट्स वापरत नाही, त्यामुळे एकच कोर्स दोन्हीकडे उपयोगी पडू शकतो.

पदवीच ऑनलाइन करत असाल तर

आयआयटी मद्रासची डेटा सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्समधली बी.एस. पदवी महाराष्ट्रातले अनेक जण नोकरी सांभाळून किंवा दुसऱ्या पदवीसोबत करतात. तिथे फाउंडेशनची ३२ क्रेडिट्स आणि दोन डिप्लोमांची मिळून ५४ झाली की पदवी पातळी येते. ११४ ला बी.एस्सी., १४२ ला बी.एस. ऐच्छिक विषय मुख्यतः या पदवी पातळीवर येतात, आणि त्यांतली ८ क्रेडिट्सपर्यंत एनपीटीईएलमधून आणता येतात. इथेही कोर्स त्या सत्रासाठी जाहीर झालेल्या यादीतला हवा.

दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीने २०२२ साली परवानगी दिली, त्यामुळे पुण्यात बी.ई. करणारा मुलगा संध्याकाळी हीही पदवी करू शकतो. पण बी.ई.च्या ओपन इलेक्टिव्हमध्ये वापरलेलं एनपीटीईएलचं क्रेडिट तो बी.एस.मध्ये परत दाखवू शकत नाही. अशा मुलांनी पहिल्याच सत्रात एका कागदावर दोन स्तंभ आखून कोणता कोर्स कुठे द्यायचा ते लिहून ठेवावं, आणि नवा कोर्स घेतला की आधी त्या कागदावर नोंद करून मगच परीक्षेची फी भरावी.